हरवलेल्या शब्दांचे सोबती
(कुर्ला येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे केलेले भाषण)



आमच्या नेहरूनगरातील एका निवृत्त गुरुजींना पक्षाघाताचा झटका आला. हात सावरला, वाचा मात्र परतली नाही. पाणी हवे असता तोंडून ‘पुस्तक’ निघे. घरच्यांना वाटले, बुद्धीच गेली. हळूहळू त्यांच्याशी कुणी बोलेनासे झाले. हा वाचाघात होता. त्यात भाषेला धक्का बसतो; माणसाची समज, माया आणि स्वाभिमान बहुधा शाबूत असतात.

१८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी, केवळ ‘तां’ उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर, त्याचा मेंदू तपासला. डाव्या पुढच्या भागातील इजा त्यांना दिसली. या संशोधनाचा पाया असा एका मूक रुग्णाने घातला. १९७३ मध्ये बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी सुरावटीची उपचारपद्धती मांडली. तिचा आधारही रुग्णच. बोलता न येणारे काही जण गाऊ शकत होते.

आपल्या शेजारी वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे वाचोपचारतज्ज्ञ घडतात, संशोधनही चालते. परंतु तज्ज्ञ भेटणार तासभर. उरलेला दिवस घराचा. म्हणून लहान वाक्ये बोला, चित्र दाखवा, उत्तरासाठी थांबा.

गुरुजींचा नातू रोज त्यांच्यासोबत आरती म्हणू लागला. सुरात शब्द येऊ लागले. अजून संभाषण जमत नाही; पण घरातले पुन्हा त्यांच्याशी बोलतात. उपचाराची सुरुवात तेथूनच होते.