खोडी, सवंगडी आणि हसण्याचा वाटा



वर्षभर शिस्तीच्या धाकाने दबून राहिलेला व्रात्यपणा ज्या दिवशी व्यासपीठावर मानाने बसवला जातो, तो दिवस म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलन, आणि म्हणूनच तरुण वयात जिवलग मित्रांच्या संगतीने केलेल्या खोड्या हा विषय येथे विचारास घेणे अप्रस्तुत ठरू नये. खोडी म्हणजे दुसऱ्याची घटकाभर फजिती व्हावी, पण त्याचे नुकसान होऊ नये, अशा बेताने केलेली चेष्टा. शिक्षण संपून वीस-पंचवीस वर्षे लोटल्यावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतो, तेव्हा परीक्षेतल्या गुणांविषयी क्वचितच कोणी बोलते. बोलणे हटकून वळते ते कोणी कोणाचा डबा मधल्या सुट्टीच्या आधीच फस्त केला आणि कोणाच्या सायकलची हवा कोणी सोडली, याकडे. असे का घडते, आणि कोणती खोडी आठवणीत गोड राहते व कोणती कडू होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

मराठी परंपरेने या विषयाला कधी नाक मुरडलेले नाही. नामदेव आणि तुकाराम यांनी बाळक्रीडेचे, म्हणजे कृष्णाच्या बालपणीच्या लीला वर्णिणारे अभंग रचले; एकनाथांनी गौळणी लिहिल्या; आणि पुढे तमाशाने गणानंतरच्या भागाला गवळण हेच नाव देऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवणारे कृष्ण व पेंद्या फडावर आणले. या कथांत कृष्ण सहसा एकट्याने खोडी करीत नाही. शिंके उंच टांगलेले असते, त्यामुळे कोणाच्या तरी खांद्यावर चढावे लागते, कोणाला तरी दाराशी पहारा द्यावा लागतो, आणि यशोदेसमोर उभे राहण्याची वेळ आली की कोणाला तरी निरागस चेहरा करावा लागतो. गोपाळकाल्याच्या वेळी, म्हणजे घरोघरच्या शिदोऱ्या एकत्र कालवून खाण्याच्या प्रसंगी, धडधाकट सवंगड्यांइतकाच वाटा लंगड्या, बोबड्या पेंद्यालाही मिळतो, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

महाविद्यालयात हीच टोळी हजेरीच्या वेळी आढळते. प्रॉक्सी, म्हणजे गैरहजर मित्राच्या क्रमांकाला दुसऱ्याने ओ देणे, ही नियमाच्या दृष्टीने सरळसरळ लबाडी आहे आणि तिचे समर्थन कोणत्याही व्यासपीठावरून होऊ शकत नाही. तथापि तिच्यासाठी लागणारी कारागिरी नाकारता येत नाही, कारण आवाज बदलावा लागतो, मान वहीत खुपसावी लागते आणि लगेच येणाऱ्या स्वतःच्या क्रमांकासाठी मूळचा आवाज शिल्लक ठेवावा लागतो. खरी पंचाईत होते ती कँटीनमध्ये रमलेल्या एकाच मित्रासाठी खिडकीजवळचा एक आणि शेवटच्या बाकावरचा दुसरा असे दोघे एकदम ‘येस सर’ म्हणतात तेव्हा. प्राध्यापक चष्म्यावरून वर्गाकडे पाहतात, आणि नेमक्या त्याच क्षणी तो मित्र धापा टाकत दारात उभा राहून आत येण्याची परवानगी मागतो. सारा वर्ग हसतो, प्राध्यापकांनाही हसू आवरत नाही, आणि तरीही ‘कोण बोलले?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. तिघेही वर्गाबाहेर काढले जातात. त्यांची मैत्री पक्की होते ती बहुधा त्या व्हरांड्यात, कारण खोडी करणारे पुष्कळ असले तरी शिक्षेत वाटा उचलणारे मोजकेच असतात, आणि मित्राचे नाव न सांगण्याची पहिली परीक्षा माणूस तेथेच देतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचा एक ठळक दाखला आहे. बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा तालमीत आणि पोहण्यात अधिक घालवून प्रकृती कमावली, आणि जे सहाध्यायी औषधांच्या बाटल्यांवर विसंबून असत, त्यांच्या खोल्यांत शिरून त्या बाटल्या फेकून देण्याची खोडी ते करीत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. याच कॉलेजात गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. शाळा काढण्याचा या दोघांचा संकल्प १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलच्या रूपाने साकार झाला. आणि १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या एका खटल्यात झालेल्या शिक्षेपायी दोघांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, ज्यांची हकीकत पुढे आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली. वर्गाबाहेर उभे राहणे आणि तुरुंगात राहणे यांची बरोबरी होऊ शकत नाही, पण मित्राच्या वाट्याची झळ आपलीही मानण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच असते.

परंतु मैत्रीच्या नावाखाली चालणारी प्रत्येक चेष्टा या कोटीत बसत नाही. रॅगिंग, म्हणजे नवख्या किंवा दुबळ्या विद्यार्थ्याला शारीरिक अथवा मानसिक इजा होईल, भीती वा लाज वाटेल असे वर्तन, हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा ठरला असून त्यासाठी २ वर्षांपर्यंत कारावास आणि १० हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे, आणि चेष्टामस्करीही त्या कायद्याच्या कक्षेत येते. अशा प्रकारात पेंद्याला काल्यात वाटा नसतो, त्यालाच शिंके समजून फोडले जाते. तेव्हा खोडीची पारख ती करणाऱ्यांच्या हसण्यावरून होत नाही. ज्याची खोडी काढली, तोच वीस वर्षांनी मेळाव्यात उठून ती रंगवून सांगत असेल, तर ती खोडी, आणि तो त्या मेळाव्याला येण्याचेच टाळत असेल, तर तो छळ. मोबाइलच्या काळात ही पारख अधिक काटेकोर करावी लागते, कारण पूर्वीची फजिती चार भिंतींत विरून जात असे, तर आज तिची चित्रफीत क्षणात अनोळखी माणसांपर्यंत पोहोचते आणि हसणाऱ्यांत मित्र कोण व तमासगीर कोण, हे ओळखू येत नाही.

स्नेहसंमेलनातील शेलापागोटे, ज्यांना फिशपॉन्ड असेही म्हणतात, म्हणजे कोणालाही उद्देशून निनावी विनोदी चिठ्ठ्या पेटीत टाकून त्या भर सभेत वाचण्याची प्रथा, याच कसोटीवर टिकून आहे. संयोजक विद्यार्थी आधी चिठ्ठ्या चाळून बोचऱ्या बाजूला काढतात, आणि प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कोणीही त्यांतून सुटत नाही, यातच तिचे शहाणपण आहे. शेवटी एवढीच विनंती करणे उरते, की आजच्या पेटीत प्रमुख पाहुण्यांच्या लांबलेल्या भाषणावर एखादी चिठ्ठी पडली असेल, तर संयोजकांनी ती भिडेखातर बाजूला काढू नये.