टोपलीतली भाजी ताटात



आज भाजी आणि फळे यांविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, भाजीचं आम्हाला काय सांगता? आम्ही तर भाजी पिकवणारी माणसं." खरे आहे. म्हणूनच बोलायचे आहे.

आम्ही कांदिवलीला शाळेत शिकवत होतो. तीस-पस्तीस वर्षांमागची गोष्ट. तिथे पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. त्या बाजूच्या पाड्यावरची एक बाई स्टेशनाबाहेर भाजी विकायला बसे. टोपलीत माठ, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पिकली पपई. तिचा मुलगा आमच्याकडे दुसरीत होता.

एकदा मुलांना घेऊन आम्ही डोंगराकडे फिरायला गेलो. परतताना दिवस मावळला. हा मुलगा सारखा ठेचकाळू लागला. दुसऱ्या मुलाच्या अंगावर पडला. आम्ही रागावलो. पाठीत एक धपाटा घातला. पोर रडले नाही. हळूच म्हणाले, "गुरुजी, दिवस बुडाला की मला दिसत नाही."

आम्हाला फार वाईट वाटले. रोज पोर आमच्यासमोर बसत होते, आणि आम्हाला काही कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मायलेकरांना घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "हा रातांधळेपणा. अन्नात 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं. असंच चाललं तर नजर कायमची जाते." त्यांनी औषध दिले. मग आईला विचारले, "घरी काय जेवता?"

"भात आणि मिरचीची चटणी."

"आणि भाजी?"

"भाजी विकायची असते, डॉक्टरसाहेब."

बघा मंडळी! मुलाला जे हवे होते, तेच रोज त्याच्या दारातून बाजारात जात होते. 'पिकते तेथे विकत नाही' अशी म्हण आहे. इथे निराळेच झाले. जे विकले, ते घरात शिजले नाही.

बाईचे तरी काय चुकले? एक जुडी घरी ठेवली, तर तेल-मिठाचे पैसे कमी. पण ती शहाणी होती. संध्याकाळी उरलेल्या जुड्या ती पडत्या भावात देऊन टाकी. ते तिने बंद केले. उरलेली भाजी घरी नेऊ लागली. औषधाने पोराला दिसू लागले, आणि भाजीने तो आजार परत आला नाही.

आता ध्यानात ठेवा. हिरवा पाला, लाल भोपळा, गाजर, पिकली पपई, आंबा यांतून शरीराला 'अ' जीवनसत्त्व मिळते. ते अंगी लागायला भाजीत थोडे तेल हवे. पेरू आणि आवळा यांत 'क' जीवनसत्त्व भरपूर. महागडे फळच हवे असे नाही. पालेभाजीवर लिंबू पिळा. म्हणजे तिच्यातले लोह अंगात नीट मुरते, रक्त वाढायला मदत होते.

किती खावे? जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने रोज निदान 400 ग्रॅम भाज्या आणि फळे मिळून खावीत. बटाटा त्यात धरत नाहीत बरं का!

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जाते. झाकण ठेवून बेताच्या पाण्यात शिजवा. उरलेले पाणी आमटीत घाला.

पावसाळ्यात रानभाज्या येतात. टाकळा, कुरडू, कंटोळी, शेवळे. ओळखीचीच भाजी खुडा. शेवळे खाजरी असतात. जाणत्या बाया त्यांत काकडे घालून शिजवतात, तसेच करा. घरामागे मोरीचे पाणी वाया जाते. तिथे शेवगा, पपई लावा.

आणि घरात वाढताना एक पाहा. पुरुषमाणसे जेवून उठतात आणि बाईच्या वाट्याला भांड्याचा तळ येतो. असे करू नका. भाजी सर्वांना सारखी वाढा.

तो धपाटा आम्ही अजून विसरलो नाही. तुमच्या घरातले पोर संध्याकाळी अडखळले, तर त्याला मारू नका. आधी दवाखान्यात न्या. मग त्याचे ताट पाहा.