पैसा केव्हा लागणार? : ईटीएफची निवड करताना

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस 'ईटीएफ' या विषयावर बोलावयास सांगितले तेव्हा प्रथम संकोचच वाटला. ज्या ज्ञातीच्या पिढ्यान् पिढ्या कसोटीच्या दगडाशेजारी बसून सोन्याचा कस पाहण्यात गेल्या, तिच्यापुढे उभे राहून केवळ खात्यावरील नोंदीच्या रूपाने असणाऱ्या संपत्तीविषयी बोलणे हे एक प्रकारचे धारिष्ट्यच होय. परंतु आज आपल्या घरोघरची तरुण मुले भ्रमणध्वनीवर ही खरेदी करीत आहेत, आणि ती काय घेतात हे वडीलधाऱ्यांना उमगत नाही. मुलांनाही ते नेहमी उमगते असे आम्हांस वाटत नाही.

नाव परके असले तरी वस्तू अवघड नाही. पुष्कळांचे पैसे एकत्र करून एखाद्या निर्देशांकातील सर्व कंपन्यांचे शेअर त्यांच्या त्यांच्या प्रमाणात विकत घ्यावयाचे, आणि त्या सामाईक निधीचे लहान लहान हिस्से करून ते शेअरबाजारातच खरेदी-विक्रीस ठेवावयाचे, एवढीच ही योजना. अमेरिकेत 1993 साली ती रूढ झाली. आपल्याकडे निफ्टी 50 या निर्देशांकावर आधारलेला पहिला निधी 2002 च्या जानेवारीत बाजारात आला. नोकरदार मंडळींपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल, पण 2015 च्या ऑगस्टपासून त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीत नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही अंश याच मार्गाने गुंतविला जात आला आहे.

या निधीचा व्यवस्थापक निर्देशांकाची नक्कल करतो. त्याने कलाकुसर दाखवावी अशी अपेक्षाच नसल्यामुळे त्याची घडणावळ थोडकी असते. निफ्टी 50 च्या मोठ्या निधींत ती वर्षाला शंभर रुपयांमागे दहा पैसे किंवा त्याहूनही कमी पडते. घडणावळीचा अर्थ या सभेस आम्ही काय सांगावा? तरीही एक आकडा मांडतो. 10 लाख रुपये वर्षाला दहा टक्क्यांनी वीस वर्षे वाढले तर त्यांचे सुमारे 67 लाख होतात. नऊ टक्क्यांनी वाढले तर 56 लाख. वर्षाकाठी एकच टक्का अधिक देणाऱ्या गृहस्थाच्या पेटीतून 11 लाख निघून जातात, आणि ते जाताना त्याला दिसतही नाहीत.

आता जे सांगावयाचे ते आमच्याच घरचे आहे. 2007 च्या डिसेंबरात, बाजार तेजीत असताना, आम्ही 4 लाख रुपये निफ्टीच्या अशाच एका निधीत घातले. ही रक्कम कन्येच्या वैद्यकीय शिक्षणासाठी होती आणि 2009 च्या जूनमध्ये लागणार होती. निवडलेला निधी उत्तम होता. पन्नास कंपन्यांत तो विभागलेला होता, खर्च थोडा होता, लबाडीस कोठे वाव नव्हता. पुढे 2008 साल आले. जानेवारीत 6,200 च्या वर गेलेला निफ्टी ऑक्टोबरात 2,600 च्याही खाली बंद झाला. आम्ही थांबलो. 2009 च्या मार्चमध्ये तो पुन्हा तेथेच घोटाळत होता, जून समोर दिसत होता, आणि रात्री झोप लागेनाशी झाली. अखेर आम्ही सर्व हिस्से विकले. हाती सुमारे 1 लाख 70 हजार आले. 18 मे रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर, बाजार असा उसळला की व्यवहार थांबवावे लागले. आम्ही मार्चमध्ये विकले नसते तर जूनमध्ये तेच हिस्से पावणेतीन लाखांच्या वर गेले असते. तरीही 4 लाख झाले नसतेच, हे लक्षात घ्यावे.

फी भरावयाची होती. सौभाग्यवतींनी पाटल्या काढून पुढे ठेवल्या. गहाण ठेवताना असे दिसून आले की, ज्या काळात आमचे शेअर निम्म्याहून खाली आले त्याच काळात सोने तोळ्यामागे सुमारे दीडपट झाले होते. त्या पाटल्या आम्ही आमच्या हातांनी घडविलेल्या होत्या. त्या दिवशी आम्हांला विभागणीचा अर्थ कळला. पन्नास कंपन्या म्हणजे पन्नास गोष्टी नव्हेत. वादळ आले की त्या पन्नासही एकाच दिशेने वाकतात. ज्यांच्या चढउतारांची कारणे निरनिराळी आहेत अशा वस्तू जवळ असणे म्हणजे विभागणी. आणि दुसरी गोष्ट अशी की, दोष निधीचा नव्हता. दीड वर्षाने लागणारा पैसा आम्ही पंधरा वर्षांच्या वस्तूत घातला होता.

म्हणून कोणता निधी घ्यावा असे कोणी विचारले की आम्ही उलट विचारतो, पैसा केव्हा लागणार? वयाचा प्रश्न त्यामागून येतो. पंचवीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांनी घराची पहिली रक्कम भरणार असेल तर त्या रकमेपुरता तो म्हाताराच होय. उलटपक्षी सत्तर वर्षांच्या आजोबांनी पाच वर्षांच्या नातवासाठी काही बाजूस ठेवले असेल, तर तेवढा पैसा तरुण आहे.

नुकत्याच कमावू लागलेल्या मुलांस सांगावयाचे फार नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवावा, आरोग्यविमा घ्यावा, आणि मग दरमहा उरेल ते निफ्टी 50 सारख्या व्यापक निर्देशांकाच्या निधीत घालीत जावे. थोडा भाग त्याखालच्या पन्नास कंपन्यांच्या, म्हणजे निफ्टी नेक्स्ट 50 च्या निधीत घातला तरी चालेल. दहा-पंधरा वर्षे हात लावू नये. परवा एका भाच्याने मोठ्या हौसेने आपले खाते दाखविले. त्यात सात ईटीएफ होते : बँकांचा एक, खासगी बँकांचा एक, माहिती-तंत्रज्ञानाचा एक, असे. "मामा, सात ठिकाणी विभागले आहे," तो म्हणाला. आम्ही त्यास म्हटले, "बाबा, एकाच बाजारपेठेत सात दुकाने उघडलीस." खुद्द निफ्टी 50 मध्येच सुमारे एक तृतीयांश भार बँका व वित्तसंस्थांचा असतो, त्यावर आणखी बँकांचा निधी घेणे ही विभागणी नव्हे.

खरी कसोटी मधल्या वयात लागते. मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते, आईवडिलांचे औषधपाणी ही सर्व एकाच पगारातून भागवावयाची असतात. येथे प्रत्येक कार्याची रक्कम वेगळी लिहावी आणि तिच्यापुढे वर्ष घालावे. बारा वर्षांनी लागणारे पैसे आज शेअरच्या निधीत असू द्यावेत. मात्र मुदतीला चार-पाच वर्षे उरली की दरवर्षी त्यातील एक हिस्सा काढून स्थिर ठिकाणी न्यावा. बाजार चढलेला असो वा उतरलेला, ठरलेल्या वर्षी ठरलेला भाग काढावा. त्यासाठी कर्जरोख्यांचेही ईटीएफ आहेत. 2019 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या भारत बाँड ईटीएफमध्ये सरकारी मालकीच्या कंपन्यांचे उच्च प्रतीचे रोखे असतात आणि प्रत्येक मालिकेस परतफेडीची तारीख असते. पहिल्या दोन मालिकांपैकी एकीची मुदत 2023 च्या एप्रिलमध्ये पुरी झाली, दुसरीची 2030 च्या एप्रिलची आहे. ज्या वर्षी फी भरावयाची त्याच्या आधीची मालिका घ्यावी. मधल्या काळात व्याजदर वाढले तर तिचा बाजारभाव उतरतो, पण मुदतीपर्यंत थांबणाऱ्याने त्याची फारशी काळजी करू नये. 1 एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या अशा हिश्श्यांच्या नफ्यावर कर मात्र ज्याच्या त्याच्या उत्पन्नाच्या दराने लागतो, हे हिशेबात धरावे.

सोन्याविषयी न बोललो तर घरी जाऊन आम्हांस उत्तर द्यावे लागेल. सोन्याचे ईटीएफ आपल्याकडे 2007 पासून आहेत. त्यांत 99.5 टक्के वा अधिक शुद्धतेचे सोने निधीच्या नावे तिजोरीत राहते. घडणावळ नाही, तूटघट नाही, डाकाची शंका नाही. आपला धंदा बुडविणारी ही वस्तू, असे काहींना वाटते. आमचे मत निराळे आहे. अंगावर घालावयाचे सोने सोनाराकडूनच घ्यावे, त्याची घडणावळ ही कलेची किंमत आहे आणि ती आनंदाने द्यावी. पण जे केवळ पेटीत ठेवण्यासाठी, उद्याच्या अडचणीसाठी घ्यावयाचे, त्याला घडणावळ कशाला? एकूण बचतीचा दहावा-आठवा हिस्सा या रूपाने असावा. त्याहून अधिक सांगण्याचे धैर्य आम्हांस होत नाही, कारण 2013 ते 2015 ही तीन वर्षे सोने उतरत होते तेव्हा ते कायमच चढते असे मानणारी आपलीच माणसे गोंधळून गेली होती. चांदीचे ईटीएफ 2022 मध्ये आले. चांदीच्या उड्या आपणांस ठाऊकच आहेत.

सेवानिवृत्तांनी प्रथम निदान तीन वर्षांच्या खर्चाची तरतूद ज्येष्ठ नागरिक बचत योजना, टपालखाते, बँक यांतून करावी. उरलेल्यापैकी पाव हिस्सा शेअरच्या व्यापक निधीत असला तर महागाईशी टक्कर देता येते. साठीनंतरही पंचवीस वर्षे काढावयाची असतात, हे आपल्याकडे कोणी बोलून दाखवीत नाही. बाजार पडेल त्या वर्षी या पाव हिश्श्यास हात न लावता तीन वर्षांच्या तरतुदीवर राहावयाचे. 2020 च्या मार्चमध्ये निफ्टी 7,600 वर आला होता. ज्यांना विकावे लागले नाही त्यांना वर्ष संपण्यापूर्वीच तो जुन्या उंचीच्या वर गेलेला दिसला.

खरेदीसंबंधी दोन-तीन गोष्टी राहिल्या. ईटीएफचा बाजारातील भाव आणि त्यातील मालाची खरी किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परदेशी शेअरच्या निधींवरील मर्यादांमुळे अशा काही योजनांत नवा पैसा घेणे थांबले, तेव्हा त्यांचे हिस्से खऱ्या किमतीहून बरेच चढ्या भावाने विकले गेले. जोखल्यावाचून माल घेणारे त्यात आपलेच लोक असावेत याचे नवल वाटते. यास्तव निधीच्या संकेतस्थळावर दिसणारी चालू किंमत आधी पाहावी, भाव स्वतः लिहून मागणी नोंदवावी, आणि ज्या निधीत रोजची उलाढाल नगण्य आहे त्याच्या वाटेस जाऊ नये. ज्यास डिमॅट खात्याची यातायात नको त्याने त्याच निर्देशांकाचा साधा म्युच्युअल फंड घेतला तरी कार्यभाग साधतो. शेअरच्या निधीत वर्षभराहून अधिक काळ धरलेल्या हिश्श्यांवर 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या सव्वा लाखापलीकडील नफ्यास साडेबारा टक्के आणि त्याआधी विकल्यास वीस टक्के कर ठरला आहे.

आपल्या मंडळाचा विद्यार्थी साहाय्यक निधीही असा गुंतवावा काय, असे खजिनदारांनी आम्हांस सकाळी विचारले. तो ज्ञातीचा पैसा आहे आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 35 त्यावर लागू आहे; कायद्याच्या तपासाशिवाय आणि जेथे आवश्यक तेथे धर्मादाय आयुक्तांच्या अनुमतीशिवाय एक रुपयाही हलवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटी भगिनींस एक विनंती. दागिन्यांच्या डब्याची किल्ली घरात कोठे असते ते आपणांस ठाऊक असते; या खात्यांची किल्ली ठाऊक नसते. कोणते खाते कोठे आहे, त्यावर वारस म्हणून कोणाचे नाव नोंदविले आहे, हे आज रात्रीच यजमानांकडून एका कागदावर लिहून घ्यावे. ज्यांना आपल्या रकमा आणि वर्षे मांडून पाहावयाची असतील त्यांच्यासाठी भोजनानंतर आम्ही वाचनालयाच्या खोलीत बसणार आहोत. वही आणि पेन्सिल बरोबर आणली आहे.