सुरक्षित मोटारीची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आजचा विषय काय, असे चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी ‘व्होल्वो’ असे सांगितले. त्या म्हणाल्या, “पुण्याच्या बसवर काय बोलणार हो तुम्ही?” त्यांचे काही चुकले नाही. आपल्याकडे व्होल्वो म्हणजे थंड हवेची, मऊ बैठकीची, लांब पल्ल्याची बस. ही बस ज्या स्वीडिश घराण्यातली, त्याच घराण्यात जन्मलेल्या मोटारीविषयी मी बोलणार आहे. यंत्रातले मला बेताचेच कळते. पण या मोटारीने मला एका बाबतीत शहाणे केले, आणि ते शहाणपण वेळेवर वापरावयाचे राहिले म्हणून एका लेकराला टाके पडले. ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

मुलीच्या बाळंतपणासाठी मी स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी गेले होते. तिला आठवा महिना लागलेला. दवाखान्यात निघालो. गाडीत बसल्याबरोबर तिने पट्टा ओढला. मी कळवळून म्हटले, “अगं, पोटावरून काय पट्टा आवळतेस? बाळ दबेल ना!” ती हसली आणि मला दाखवू लागली. खालचा पट्टा पोटावर नव्हे, पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसवावयाचा. वरचा दोन स्तनांमधून, पोटाच्या कडेने न्यावयाचा. मग म्हणाली, “आई, पट्टा नसला तर गाडी थांबेल, मी आणि बाळ थांबणार नाही.” या एका वाक्याने माझ्या मनात कुतूहल जागे झाले. ज्या शहरात मी होते ते तर व्होल्वोचे माहेरच!

एस. के. एफ. या गोळ्यांचे बेअरिंग करणाऱ्या कारखान्यात आस्सार गाब्रिएल्सन नावाचे व्यवहारकुशल गृहस्थ होते. त्यांनी गुस्ताफ लार्सन या इंजिनियरास हाताशी धरले आणि स्वीडनच्या हवेला व रस्त्यांना टिकेल अशी गाडी बांधण्याचे ठरविले. १४ एप्रिल १९२७ रोजी त्यांची पहिली गाडी कारखान्याबाहेर आली. व्होल्वो हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ ‘मी फिरतो’, ‘मी गडगडत जातो’. तो मुळात बेअरिंगसाठी राखून ठेवलेला होता. पहिल्या गाडीच्या मागच्या आसातला एक भाग उलटा बसला आणि गाडी पुढे जाण्याऐवजी मागेच निघाली, अशी गोष्ट तिथे सांगतात. शिवाय ती गाडी उघडी, आणि देश बर्फाचा! लगेच बंद गाडी काढावी लागली. थोरांच्या घरीही पहिली पोळी करपते, एवढे ऐकून आपल्याला धीर यावा.

१९४४ साली दाखविलेल्या त्यांच्या लहान गाडीला पुढची काच दोन थरांची होती. दोन काचांच्या मध्ये चिवट पापुद्रा असल्यामुळे ती फुटली तरी तिचे सुरे होऊन तोंडावर येत नाहीत. परंतु माणसाला जागच्या जागी धरून ठेवण्याचा प्रश्न उरलाच होता. त्या काळी पट्टे असत, पण ते कमरेपुरते, किंवा ऐन पोटावर बकल येणारे. अपघात झाला की ते बकलच आतड्यांना इजा करी. व्होल्वोचे प्रमुख गुन्नार एंगेलाऊ यांच्या नात्यातील एक व्यक्ती मोटार-अपघातात गेली होती, असे सांगतात. त्यांनी १९५८ साली निल्स बोलिन यांना बोलावून घेतले. बोलिन आधी विमानाच्या कारखान्यात, संकटसमयी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीवर काम करीत. माणसाला बाहेर फेकण्याची विद्या ज्याला ठाऊक, त्यालाच धरून ठेवण्याचे काम सांगितले!

बोलिन यांनी जे केले ते पाहावयास अगदी साधे. एक पट्टा खांद्यावरून छातीवर तिरपा, एक कमरेवर आडवा. दोन्ही मिळून कुशीजवळ एका ठिकाणी अडकवावयाचे, तेही एका हाताने. जोर पोटावर न येता छातीच्या पिंजऱ्यावर आणि कमरेच्या हाडांवर येतो. १३ ऑगस्ट १९५९ रोजी असा पट्टा लावलेली पहिली गाडी स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाड गावच्या विक्रेत्याकडे गेली. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या पट्ट्याचे पेटंट कंपनीजवळ होते, परंतु तिने ते सर्वांना खुले ठेवले. आज आपल्या दारची गाडी कोणत्याही कंपनीची असो, तिच्यात बोलिन यांचाच पट्टा आहे. लोणच्याचे प्रमाणसुद्धा शेजारणीला सांगताना आपण एखादा मसाला हातचा राखतो. म्हणून या औदार्याचे मला फार वाटले.

पट्टा दिला म्हणून लोकांनी लावला असे मात्र नाही. “आम्ही काय गुरे आहोत, बांधून घ्यावयाला?” हा सूर तिकडेही होता. तेव्हा कंपनीने स्वीडनमधील २८,००० हून अधिक अपघातांची छाननी करून १९६७ साली जगापुढे ठेवली. पट्टा न लावलेली माणसे अगदी कमी वेगातही दगावली होती. पट्टा लावलेले कोणी ताशी सुमारे ९५ किलोमीटरपर्यंतच्या वेगात दगावले नव्हते. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला त्या देशाने आणखी एक नवल केले. तोवर तिकडेही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती. ती एका पहाटेत उजवीकडे आणली. “सवयी बदलत नसतात” असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९७५ पासून पुढे बसणाऱ्यांना आणि १९८६ पासून मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही तेथे पट्टा सक्तीचा झाला.

मुलांसाठी १९७२ साली कंपनीने पाठमोरी खुर्ची आणली. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. समोर तोंड करून बसविले तर धक्क्यात मानेला हिसका बसतो; पाठमोरे असले की सगळी पाठ आणि डोके खुर्चीत रुतते. स्वीडनमध्ये चार वर्षांपर्यंत मुलांना असेच बसविण्याची रीत आहे. माझा नातू दवाखान्यातून घरी आला तो असाच, पाठमोरा. माझ्या मांडीवर नव्हे. मला वाईट वाटले, हे कबूल करते.

आता खास आपल्या, म्हणजे बायकांच्या, गोष्टीकडे येते. गाड्या आपटून पाहताना आत माणसाऐवजी बाहुला बसवितात. कित्येक वर्षे हा बाहुला मध्यम बांध्याच्या पुरुषाचाच असे. बाई म्हणून जो बाहुला घेत तो फारच लहानखुरा. पण बाईची मान, खांदे, कंबर निराळी. मागून धडक बसली तर मानेला इजा होण्याचा धोका पुरुषापेक्षा बाईला अधिक, असे अभ्यासात दिसले. १९९८ साली व्होल्वोने मान आणि पाठ एकदम सावरणारी खुर्ची काढली ती या इजेसाठीच. २००२ च्या सुमारास तिथल्या लॉरा थॅकरे या बाईंनी गणकयंत्रावर गरोदर स्त्रीची प्रतिमा तयार केली. पट्टा कोठे असावा ते तीवर पडताळता येऊ लागले. माझ्या मुलीने मला शिकविले ते यामुळेच ना! २०१९ मध्ये कंपनीने चाळीस हजारांवर गाड्या आणि सत्तर हजारांवर माणसे यांच्या अपघातांवरून मिळालेले ज्ञान सर्वांसाठी खुले केले. आणि २०२२ साली अस्ट्रिड लिंडर या स्वीडिश संशोधिकेच्या पुढाकाराने मध्यम बांध्याच्या बाईचा खराखुरा बाहुला पुढे आला. पट्ट्यानंतर तब्बल त्रेसष्ट वर्षांनी!

गाडीचे धनी काय म्हणतात, असे तुम्ही विचाराल. मुलीच्या इमारतीत एक आजी होत्या. त्यांच्याकडे चौकोनी पेटीसारखी जुनी २४० गाडी होती. हे मॉडेल १९७४ पासून १९९३ पर्यंत निघाले आणि अठ्ठावीस लाखांवर खपले. बर्फात घसरून त्यांची गाडी एकदा खड्ड्यात उलटली, तेव्हा दोघे नवराबायको उलटे लोंबकळत राहिले आणि मग आपल्या पायांनी बाहेर आले. हे सांगताना त्यांनी गाडीची स्तुती केली नाही. पट्ट्याच्या बकलावर नुसती बोटे टेकली.

अमेरिकेत आयर्व्ह गॉर्डन नावाचे विज्ञानशिक्षक होते. त्यांनी १९६६ साली एक तांबडी व्होल्वो घेतली आणि २०१३ सालापर्यंत त्याच गाडीत तीस लाख मैल, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर, प्रवास केला. केनियातील आपले शीख बंधू जोगिंदर सिंग यांनी १९६५ साली पूर्व आफ्रिकेची अवघड सफारी शर्यत जिंकली तीसुद्धा वापरलेल्या व्होल्वोतून, आणि सोबत त्यांचा भाऊ जसवंत होता.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९० साली अमेरिकेतील एका जाहिरातीत अजस्र चाकांची गाडी ओळीने उभ्या मोटारींवरून जाते, सगळ्या चिरडतात आणि व्होल्वो तेवढी शाबूत राहते, असे दाखविले. पुढे उघड झाले की व्होल्वोला आतून टेकू दिले होते आणि इतर गाड्यांचे खांब कापले होते. जाहिरात मागे घ्यावी लागली, नाचक्की झाली. मोटारींचा कारखाना पुढे १९९९ मध्ये अमेरिकन फोर्डकडे आणि २०१० मध्ये चीनच्या गीलीकडे गेला. तेव्हा नावाची पूजा करू नये. गाडी महागडी आहे. ती घ्या, असे सांगावयास मी आलेले नाही.

मग कशासाठी आले? परत आल्यावर एका लग्नाहून भाड्याच्या गाडीने येत होतो. मागच्या सीटचे पट्टे कव्हराखाली गडप. भाचीचे वर्षाचे बाळ माझ्या मांडीवर. मला सगळे ठाऊक होते. ताशी ५० किलोमीटर वेगातली धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडणे. अर्ध्या मीटरात गाडी थांबली तर दहा किलोचे मूल दोनशे किलोंइतके जड होते, आणि ते कोणत्याही आजीच्या हातांना धरवत नाही. परंतु म्हटले, दुसऱ्याची गाडी, ड्रायव्हरला कव्हर काढावयास कसे सांगावे? लोक म्हणतील, परदेशी जाऊन आली आणि शिष्ट झाली. म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला. धडक नव्हे, नुसता ब्रेक. बाळ माझ्या हातांतून सुटले आणि त्याचे कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडाला लागले. चार टाके पडले. त्या मुलाच्या भुवईवर आज जो व्रण आहे तो माझ्या भिडेचा आहे.

मैत्रिणींनो, सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार-अपघातात गेले. मोटार भारी होती; ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे तपासात पुढे आले. कायद्याने मागे बसणाऱ्यांनाही पट्टा आवश्यक आहे. पण कायद्याच्या आधी आपली जीभ चालली पाहिजे. मंडळाची सहल निघते तेव्हा भाडे ठरविताना आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. तिथेच एक वाक्य आणखी बोलावे: “मागचे पट्टे वर काढून ठेवा.” पट्टा मानेला घासतो म्हणून तो काखेखालून घेऊ नये. पदराचा बोळा त्याखाली ठेवू नये. गरोदर लेकीसुनेला तो नीट लावावयास शिकवावे. आणि मांडीवर नातवंड घेण्याची हौस घरी पोहोचल्यावर भागवावी.

निल्स बोलिन २००२ साली वारले. त्यांनी आपले काम केले आणि कंपनीने ते सर्वांना देऊन टाकले. शेवटची एक ‘टक्’ तेवढी आपल्या हाती ठेवली आहे. ती आपण करू या, आणि शेजारणीलाही करावयास लावू या. तिला राग आला तर येऊ द्या.