अंथरुणाला खिळलेल्यांचं करणार कोण?



रहिमतपूर-कोरेगाव पट्ट्यातली पोरं नोकरीला पुण्या-मुंबईला आणि घरी राहिली म्हातारी माणसं. त्यातलं एखादं लकव्यानं पडलं, की साताऱ्याच्या नाहीतर कराडच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर प्रश्न उभा राहतो : यांचं करणार कोण? हे करणाऱ्यांना आपण मावशी, मामा म्हणतो. कागदोपत्री ते रुग्णसहायक, किंवा जनरल ड्यूटी असिस्टंट.

काम वरवर सोपं दिसतं. अंग पुसणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं. पण चादर बदलायची ती रुग्ण पलंगावर असतानाच, त्याला एका कुशीवर घेऊन. ही कूसही साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबा, टाचा इथं दाबामुळे रक्त पोचत नाही, कातडी लाल होते. बोटानं दाबूनही ती लाली हटली नाही, तर समजावं, शय्याव्रणाची सुरुवात झाली. ही नजर शिकूनच येते. लकवा झालेल्याला खुर्चीत बसवायचं तर खुर्ची त्याच्या धड बाजूला ठेवावी. पाणी पाजताना बसतं करावं. आडव्या माणसाच्या ते फुप्फुसात उतरू शकतं. ताप, नाडी, लघवीच्या पिशवीतलं माप, सगळं वेळेसह वहीत. इंजेक्शन आणि सलाइन मात्र यांचं काम नाही. घरचे म्हणतात, 'तुम्हाला येतंच की!' तरीही नाही.

खरा घोळ शिक्षणाचा. सहा महिन्यांत कुणी नर्स होत नाही. एएनएम बारावीनंतर दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी. रुग्णसहायकाचा कोर्स काही महिन्यांचा, त्यावर नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यात कमीपणा काही नाही, फक्त फसगत नको. फलकावर 'सहा महिन्यांत नर्स' असं दिसलं, तर फी भरण्याआधी विचारा : प्रमाणपत्र कुणाचं, आणि वॉर्डात प्रत्यक्ष काम किती? वॉर्ड न दाखवणारा कोर्स माझ्या मते फुकटही घेऊ नये.

घरी मावशी ठेवणाऱ्यांनाही एक विनंती. तिची झोप, जेवण आणि आठवड्याची सुटी पगाराबरोबरच ठरवून टाका, आणि घरातली धुणी-भांडी तिच्या गळ्यात घालू नका.