परक्या गावातील बंदी आणि आपली रीत

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बँकेतला कारकून. बी. कॉम. झालो आणि काउंटरवर बसलो, तो आजवर तिथेच आहे. आकडे आणि नियम यांच्याशी माझा रोजचा संबंध, भाषणांशी फारसा नाही. तेव्हा अलंकारिक काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र विषय तुम्हाआम्हा सर्वांच्या घरात शिरलेला आहे, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करतो.

विषय असा. एखाद्या देशात काही दिवसांपुरती दारूबंदी असते. सण असतो, उपवासाचा महिना असतो, निवडणूक असते. तिथे गेलेल्या परक्या माणसाने त्या दिवसांत कसे वागावे? ‘हा त्यांचा सण, माझा काय संबंध?’ म्हणावे, की त्यांच्याबरोबर आपणही थांबावे?

कोणी म्हणेल, आपल्या सभेत हा विषय कशाला? आपल्यापैकी बरीच मंडळी तर शिवतही नाहीत. पण आज बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद इथल्या किती घरांतली मुले आखातात आहेत ते मोजा. नवी पिढी सुट्टीत थायलंडला जाऊन येते. तिथे आपला मुलगा परका असतो. आणि परका म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पिढ्यान् पिढ्या याच मातीत राहूनही ‘तुम्ही तिकडचे ना?’ हा प्रश्न आपण ऐकत आलो आहोत.

प्रथम कतारचे उदाहरण घेतो. २०२२ साली तिथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. २० नोव्हेंबरला पहिला सामना होता. त्याच्या दोनच दिवस आधी, १८ नोव्हेंबरला, जाहीर झाले की स्टेडियमच्या आवारात प्रेक्षकांना बिअर विकली जाणार नाही. दारू अगदी मिळणारच नव्हती असे नाही. ठरावीक हॉटेलांत आणि चाहत्यांसाठी केलेल्या एका मैदानात संध्याकाळनंतर मिळत होती. पण सामन्याच्या ठिकाणी नाही. युरोपात मोठा गहजब झाला. फुटबॉल आणि बिअर ही तिकडे जोडीच समजली जाते.

मग झाले काय? दहा लाखांहून अधिक माणसे बाहेरून आली. सामने पाहिले, गाणी म्हटली, ओरडली आणि घरी गेली. इंग्लंड आणि वेल्स इथून गेलेल्या प्रेक्षकांपैकी एकालाही अटक झाली नाही, असे पुढे ब्रिटनच्या पोलिसांनीच सांगितले. आता याच्या जेमतेम दीड वर्ष आधीची गोष्ट पाहा. ११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये युरोपियन स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्या दिवशी दारू पिऊन, तिकीट नसताना, दारे तोडून शेकडो माणसे आत घुसली. त्यावर चौकशी समिती नेमावी लागली. देश तोच, खेळ तोच, प्रेक्षकही त्याच जातकुळीचे. घरी जे जमले नाही ते परक्याच्या दारी जमले. म्हणजे ‘आमची सवयच तशी’ हे कारण खरे नव्हे. मनात आणले तर माणूस थांबू शकतो.

पण कतारची चूकही सांगितली पाहिजे. लोकांनी तिकिटे काढली, विमानाचे पैसे भरले, आणि नियम बदलला तो दोन दिवस आधी. पाहुण्याने घरातली रीत पाळावी हे खरे, पण रीत काय आहे ते वेळेवर सांगणे हे यजमानाचे काम आहे. हा मुद्दा लक्षात ठेवावा. शेवटी मी त्यावर येणार आहे.

दुसरे उदाहरण थायलंडचे. तिथे बौद्ध धर्मातील पाच मोठ्या दिवशी दारूविक्री बंद ठेवण्याचा नियम आहे. त्या दिवसांची नावे ऐका: माखा बूचा, विसाखा बूचा, आसान्हा बूचा. आपले माघ, वैशाख आणि आषाढ! बूचा म्हणजे पूजा. आषाढी पौर्णिमेला बुद्धाचे पहिले प्रवचन झाले म्हणून तो दिवस, आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्षूंचा वर्षावास सुरू होतो, म्हणजे आपला चातुर्मासच म्हणा. २०२५ पासून विमानतळ, हॉटेले अशा काही ठिकाणांना सवलत मिळाली आहे, पण साध्या दुकानांना नाही. शिवाय निवडणूक असली की मतदानाच्या आदल्या संध्याकाळी सहापासून मतदानाच्या संध्याकाळी सहापर्यंत विक्री बंद. १४ मे २०२३ च्या निवडणुकीत असेच झाले. हा नियम थाई माणसाला एक आणि पर्यटकाला दुसरा, असा नाही.

आता आपल्याकडचा एखादा मुलगा चार दिवसांसाठी तिथे गेला आणि त्यातला एक दिवस नेमका असा निघाला, तर तो चिडतो. ‘मला मत द्यायचे नाही, मी बौद्ध नाही, माझे पैसे वाया गेले,’ म्हणतो. त्याला मी एवढेच विचारीन: आषाढी एकादशीला आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात दुकाने बंद असतात, तेव्हा तिथल्या विदेशी पाहुण्याने ‘मला कुठे पंढरपूरला जायचे आहे?’ म्हटलेले तुला आवडेल का? २ ऑक्टोबरला आपल्याकडे बार बंद असतो तेव्हा परदेशी पाहुण्याने आदळआपट केलेली चालेल का? आषाढ त्यांचाही आहे आणि आपलाही.

आखातात रमजानचा महिना असतो. कतारमध्ये त्या महिन्यात दारूचे दुकान आणि हॉटेलांतली विक्री बंद ठेवतात. एवढेच नव्हे, आखातातल्या काही देशांत दिवसा चारचौघांत खाणेपिणे हा गुन्हाच आहे. कतारमध्ये सात लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांतले बहुसंख्य हा महिना निमूटपणे पाळतात. त्यात त्यांचा धर्म बुडत नाही की स्वाभिमानही कमी होत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. लोक म्हणतात, हा सगळा दांभिकपणा आहे. आज बंद आणि उद्या पुन्हा रांग. एका दिवसाच्या बंदीने कोण सुधारतो?

आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या जागी लावला जातो. कायमची दारूबंदी आणि थोड्या दिवसांची बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायमची बंदी माणसाला सुधारू पाहते. ती किती अवघड आहे ते आपण जवळून पाहिले आहे. १९९५ साली आंध्रात एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदी केली. त्यामागे नेल्लोर जिल्ह्यातल्या गरीब बायांचे मोठे आंदोलन होते, हेतू चांगलाच होता. पण १९९७ मध्ये ती उठवावी लागली. महसूल बुडाला हे एक कारण आणि शेजारच्या राज्यांतून चोरून येणारा माल हे दुसरे. झहीराबाद तेव्हा आंध्रात होते, आणि झहीराबादचे शेजारी कोण? आपणच!

थोड्या दिवसांची बंदी मात्र कोणाला सुधारायला निघालेली नसते. ती फक्त एवढेच म्हणते की आज आमच्या घरी काही आहे, जरा थांबा. आपल्याकडे लग्नाची वरात निघते. वाटेत एखाद्या घरी मयत झालेली असली तर बँडवाला आपोआप वाजवणे थांबवतो. ते घर ओलांडले की पुन्हा सुरू करतो. त्याला कोणी दांभिक म्हणते का? त्या घराशी त्याचे नाते नसते, मेलेला माणूस त्याच्या जातीचा, धर्माचा असेलच असेही नाही. तरी तो थांबतो. ही रीत आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. परदेशातली दोन दिवसांची बंदी हा त्याचाच प्रकार आहे.

आणि परक्याने अशी समज दाखवली की त्याला काय मिळते, याचा दाखला आपल्या बिदरनेच दिला आहे. बहामनी काळात, महमूद गवान वजीर असताना, साधारण १४७० च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल, जुन्नर असा प्रवास करीत बिदरला आला. त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध आहे. हिंदू लोक काय खातात, काय खात नाहीत, कोणाबरोबर जेवत नाहीत, दारू पीत नाहीत, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले. स्वतःची धर्मपुस्तके वाटेत लुटली गेली होती, तरी आपले उपवास तो अंदाजाने पाळत होता. बिदरच्या हिंदूंना त्याने आपण कोण, कोणत्या धर्माचे हे सरळ सांगितले. त्यानंतर ते लोक आपले जेवण, व्यापार, पूजाअर्चा काहीच त्याच्यापासून लपवीनासे झाले, असे तो लिहितो. स्वतःचे सोडले नाही आणि दुसऱ्याचे मोडले नाही, म्हणून दारे उघडली.

आता परदेशातून आपल्या शिवेवर येऊ. कारण खरी परीक्षा इथे आहे.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १३५ क हे कलम आहे. मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास मतदानक्षेत्रात दारू विकता किंवा वाटता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवा. देगलूरकडे, म्हणजे नांदेड मतदारसंघात, २६ एप्रिलला मतदान झाले. आपल्याकडे बिदर आणि कलबुर्गीत, तसेच पलीकडे उदगीर, उमरगा, अक्कलकोट भागात ७ मे रोजी झाले. झहीराबादला १३ मे रोजी. औरादच्या माणसाच्या तिन्ही बाजूंना तीन तारखा! एकीकडे बंद असले की दुसरीकडे चालू. म्हणून अशा वेळी सीमेलगतची दुकाने बंद ठेवण्याचे आदेश शेजारच्या जिल्ह्यातही काढले जातात. असे आदेश का काढावे लागतात? मोटारसायकलला किक मारून शीव ओलांडणारे आपल्यातलेच असतात म्हणून. ‘चला, तिकडे चालू आहे’ हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवरसुद्धा ऐकले आहे.

दहा-बारा किलोमीटरवर जाऊन जो दुसऱ्याच्या बंदीला बगल देतो, तो दोन हजार किलोमीटरवर जाऊन तिचा मान राखील, असे मला वाटत नाही. परदेशात पोलिसाची भीती असते म्हणून तो गप्प राहील, एवढेच. भीतीने पाळणे वेगळे, मान राखून पाळणे वेगळे.

बंधू-भगिनींनो, आपण इथे भाषिक अल्पसंख्य आहोत. मुलांना मराठी शाळा हवी, शाळेला मराठी शिक्षक हवा, आपले सण आपल्या पद्धतीने करता यावेत, असे आपण मागत आलो. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचे जे व्हायचे ते तिथे होईल. पण रोजच्या व्यवहारात आपण जे मागतो ते कशाच्या जोरावर मागतो? दुसऱ्याच्या रीतीचा मान राखला पाहिजे, याच तत्त्वावर ना? मग ते तत्त्व आपल्या गैरसोयीच्या दिवशी आपण गुंडाळून ठेवले, तर आपल्या मागणीत उरले काय? बँकेच्या भाषेत सांगायचे तर खात्यात जमा न करता पैसे काढता येत नाहीत.

आता यजमानाच्या कर्तव्याचा मुद्दा, जो मी मघाशी राखून ठेवला होता. रीत पाळायची तर ती आधी कळली पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात जे संरक्षण ठरलेले आहे त्यात असे आहे की, ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात. बंदीचा आदेश ही महत्त्वाची सूचनाच आहे. दिवस कोणता, वेळ कोणती, शिक्षा काय, हे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद तालुक्यांतल्या ज्या गावांत मराठी वस्ती मोठी आहे तिथे कन्नडबरोबर मराठीतही लागले पाहिजे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना कन्नड बोललेले कळते, पण वाचता येतेच असे नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, येत्या निवडणुकीआधी मंडळाने जिल्हाधिकाऱ्यांना विनंतीपत्र द्यावे की बंदीच्या सूचना मराठीतही लावाव्यात. भाषांतर करून द्यायची तयारीही आपणच दाखवावी. कामात मदत करणाऱ्याचा अर्ज लवकर वाचला जातो. दुसरी, ज्यांची मुले परदेशी जाणार आहेत त्यांनी व्हिसा आणि तिकिटाबरोबर तिथले सणवार आणि बंदीचे दिवसही पाहून द्यावेत. तिसरी सूचना सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. बंदीच्या दिवशी आपल्या गावातून शिवेपलीकडे गाडी जाणार नाही, एवढे प्रत्येक गावातल्या वडीलधाऱ्यांनी पाहावे. पोलिसांनी अडवण्याआधी घरच्यांनी अडवावे.

ज्याला प्यायची नाही त्याचा यात काहीच तोटा नाही. ज्याला प्यायची आहे त्याचा तोटा एका दिवसाचा. एवढ्या स्वस्तात शेजाऱ्याचा विश्वास दुसरीकडे कुठे मिळत नाही, हे हिशेबाचा माणूस म्हणून मी खात्रीने सांगू शकतो.