खिशातला ड्राइव्ह आणि कपाटातली डिस्क

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



मागच्या लगीनसराईतली गोष्ट. नारायणगावातल्या माझ्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात भर दुपारी एक तरुण आला. लग्नाचं आणि बैलगाड्याचं शूटिंग करणारा, अधूनमधून येणारा. आगपेटीएवढा एक चकचकीत ड्राइव्ह त्यानं टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "काका, फायली दिसतायत, पण उघडत नाहीत."

ड्राइव्हवर छापलं होतं, सोळा टीबी. किंमत विचारली तर दीड हजाराच्या आत. घरपोच मागवलेला. मी काही बोललो नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून त्याला अंदाज आला असावा, कारण तो बसला.

संगणकाला जोडून पाहिलं. फोल्डर जागच्या जागी, नावं बरोबर, आकारही बरोबर. हळदीचा व्हिडिओ उघडला. साखरपुड्याचा अर्धा चालला आणि थांबला. मंगलाष्टकांपासून पुढचं काहीच उघडेना. कॅमेऱ्याची कार्डं कुठं आहेत म्हणून विचारलं, तर ती त्यानं त्याच रात्री पुसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी यात्रेच्या घाटात उभं राहायचं होतं, कार्डं मोकळी हवी होती. घाटातल्या चित्रीकरणानं ती पुन्हा काठोकाठ भरली होती, म्हणजे तिथूनही काही परत मिळण्याची आशा नव्हती.

त्याच्या परवानगीनं ड्राइव्ह खोलला. आत मोबाइलमध्ये घालतो तसलं एक मेमरी कार्ड गोंदानं चिकटवलेलं. खरी जागा ६४ जीबी. अशा ड्राइव्हमधली नियंत्रक चिप संगणकाला सरळ खोटं सांगते की माझ्याकडे सोळा टीबी जागा आहे. संगणक विश्वास ठेवतो. खरी जागा भरली की पुढची माहिती कुठंच लिहिली जात नाही, किंवा आधीच्याच माहितीवर लिहिली जाते. फायलींची यादी मात्र शाबूत राहते. घराची पाटी दारावर, आत घरच नाही.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं, की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हातात कॅमेरा असलेली पोरं आता गावोगाव आहेत. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या मे महिन्यात बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. तेव्हापासून यात्रांच्या हंगामात प्रत्येक घाटावर कॅमेरे, ड्रोन आणि थेट प्रक्षेपण. एक बारी काही सेकंदांत संपते, पण दिवसभर बाऱ्या चालतात, आणि गाडामालकाला आपली बारी हवी असते. वर लग्नं आहेतच. या सगळ्याचं ओझं शेवटी कशावर तरी ठेवावं लागतं. "काका, कमी पैशात चांगला पोर्टेबल एसएसडी कोणता?" हा प्रश्न मला हंगामात रोज कुणी ना कुणी विचारतं.

एसएसडी म्हणजे काय, हे थोडक्यात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात आणि त्यांच्यावर केसाहून कमी अंतरावर एक मुंडकं तरंगतं. मोटारसायकलच्या डिकीत भीमाशंकरच्या रस्त्यानं ती चालू ठेवून नेली, तर काय होईल ते सांगायला नको. एसएसडीत फिरणारं काही नसतं. सगळा कारभार फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये. ही मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. धक्क्याला ती दाद देत नाही, वजन नगण्य, वेग भरपूर. म्हणून घाटावर आणि मांडवात एसएसडीच हवा, यात वाद नाही.

वाद आहे तो कोणता घ्यायचा आणि किती पैसे घालायचे, यात. इथं बहुतेक जण खोक्यावरचा वेगाचा आकडा वाचतात आणि फसतात. एका खोक्यावर लिहिलेलं असतं सेकंदाला १०५० एमबी, दुसऱ्यावर २००० एमबी. दुसरा महाग, म्हणून चांगला असेल असं वाटतं. आता आपला हिशेब करू. साधारण फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं होतं. बिटला आठानं भागलं की बाइट मिळतात, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. तासाला ४५ जीबी. एका लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास चालले, तर ३६० जीबी. म्हणजे ५०० जीबीचा ड्राइव्ह एका लग्नातच भरत आला. शूटिंगवाल्यानं एक टीबीच्या खाली उतरू नये, असं मी सांगतो ते यासाठी. ज्याला फक्त घरचे फोटो आणि मुलांचे प्रकल्प ठेवायचे आहेत, त्याला ५०० जीबी रग्गड.

हे ३६० जीबी कार्डावरून ड्राइव्हवर उतरवायचे आहेत. आपल्याकडचं नेहमीचं कार्ड सेकंदाला ९० एमबीच्या आसपास माहिती देतं. म्हणजे चार हजार सेकंद, तासाहून थोडं जास्त. आता ड्राइव्ह दोन हजाराच्या वेगाचा असो की चारशेच्या, चार हजार सेकंद ते चार हजार सेकंदच. गाड्याला चार बैल जुंपलेत आणि त्यातला एक अडला, तर बाकी तिघं कितीही तेज असोत, गाडा त्या एकाच्याच चालीनं घाट चढणार. महाग ड्राइव्हचे जादा पैसे त्या तीन बैलांच्या खुराकात जातात.

तीच गत केबलची आणि संगणकाच्या खाचेची. यूएसबी २ ची जुनी खाच सेकंदाला जेमतेम ३५-४० एमबी देते. तिथं हेच काम पावणेतीन तासांवर जातं. यूएसबी ३ ची खाच, बहुतेकदा आतून निळी असते, ती चारशे-साडेचारशेपर्यंत नेते. हजाराचा वेग हवा तर १० गिगाबिटची खाच लागते आणि दोन हजाराला २० गिगाबिटची, जी फार थोड्या लॅपटॉपवर असते. ड्राइव्हसोबत आलेली केबल हरवली म्हणून मोबाइलच्या चार्जरची केबल लावणारे माझ्याकडे येतात आणि ड्राइव्ह मंद झाला म्हणून तक्रार करतात. दिसायला दोन्ही टाइप-सी, पण चार्जिंगच्या कित्येक केबली आतून यूएसबी २ च्याच असतात. ड्राइव्ह घ्यायला जाण्याआधी आपल्या संगणकाच्या खाचा पाहा.

खोक्यावर न लिहिलेली एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. ड्राइव्हची मेमरी टीएलसी आहे की क्यूएलसी? टीएलसीत प्रत्येक कप्प्यात तीन बिट ठेवतात, क्यूएलसीत चार. चार ठेवले की स्वस्त पडतं, पण लिहिणं मंद होतं आणि पुसून पुन्हा लिहिण्याची आयुर्मर्यादाही कमी होते. ही मंदी लपवायला थोडी जागा वेगवान ठेवलेली असते. पहिले काही जीबी भर्रकन जातात, ती जागा भरली की वेग धाडकन खाली येतो. काही स्वस्त ड्राइव्ह तर साध्या हार्ड डिस्कच्याही मागं पडतात. शाळकरी मुलाला हा फरक कधी कळणारही नाही. एका दमात तीनशे जीबी ओतणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळतो. दुकानदाराला माहीत नसेल तर शंभर जीबीचं फोल्डर ओतून घड्याळ लावून बघा, शेवटच्या पाच मिनिटांचा वेग तो खरा वेग.

काटकसरीची आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. लॅपटॉपमध्ये मोठा एसएसडी बसवून घेतलात, तर जुना टाकू नका. त्याला बसणारं केसिंग थोडक्या पैशात मिळतं. त्यात घातला की झाला पोर्टेबल ड्राइव्ह. फक्त आधी त्याची तब्येत तपासून घ्या. २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव चढत गेले, तेव्हापासून माझ्या दुकानात हे काम वाढलं आहे.

आता खोटा ड्राइव्ह ओळखायचा कसा? किंमत पाहून निम्मं ओळखता येतं. नामांकित कंपनीचा एक टीबी ज्या भावाला मिळतो, त्याहून कमी पैशात कुणी सोळा टीबी देत असेल, तर तो देत नाहीये. उरलेल्या निम्म्यासाठी फुकट मिळणारे प्रोग्राम आहेत. विंडोजसाठी एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्ससाठी एफथ्री. हे प्रोग्राम ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघतात. एक टीबीला काही तास जातात. रात्री लावून झोपावं. ही परीक्षा ड्राइव्ह आल्याच्या पहिल्या रात्रीच घ्यावी, परत करण्याची मुदत उलटण्याआधी. एक टीबीच्या ड्राइव्हवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, त्यावरून मात्र दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं, एवढाच तो फरक.

हे झालं खिशातल्या ड्राइव्हचं. पण माझ्या मते बजेटचा खरा प्रश्न यापुढं सुरू होतो. माणसं सगळे पैसे एका एसएसडीत घालतात आणि त्याच्यावरच सगळं ठेवतात. त्याऐवजी मध्यम वेगाचा एक टीबीचा एसएसडी घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत दुसरी भर घालून एक साधी हार्ड डिस्क घ्यावी. तेवढ्याच पैशात हार्ड डिस्कला जागा बरीच जास्त मिळते. एसएसडी फिरायला, हार्ड डिस्क कपाटात बसायला.

एसएसडी कपाटात का नको, तर त्यातली माहिती म्हणजे कप्प्यात कोंडलेला विद्युतभार आणि तो हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीसाठीचं उद्योगातलं मानक इतकंच मागतं, की लिहिण्याची मर्यादा संपलेला ड्राइव्ह वीज न देता ३० अंश तापमानात ठेवला, तर माहिती एक वर्ष टिकावी. नवा ड्राइव्ह याहून पुष्कळ टिकतो. तरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत, लोखंडी कपाटात तो चार वर्षं विसरून जाऊ नये. हार्ड डिस्कही अमर नाही, तीही वर्षातून एक-दोनदा चालवून बघावी लागते. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख दोन हजार वर्षं झाली, अजून भिंतीवर आहे आणि वाचायला केबल लागत नाही. पण त्यात मंगलाष्टकं मावत नाहीत.

जपून ठेवण्याचा विषय निघाला की मला खोडदची दुर्बीण आठवते. जीएमआरटी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, नारायणगावच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातून आलेल्या रेडिओलहरींची नोंद त्या घेतात आणि निरीक्षणांचा साठा पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र जपतं. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीनं दिसू शकणाऱ्या बहुतेक सगळ्या आकाशाची पाहणी केली. काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच साठवलेल्या कच्च्या माहितीवर नव्या पद्धतीनं पुन्हा प्रक्रिया केली आणि सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी जगापुढं आली. दुर्बीण पुन्हा आकाशाकडं वळवावी लागली नाही. कच्ची माहिती होती म्हणून हे झालं. आपले शूटिंगवाले गाणी लावून, कापून-जोडून तासाभराची फिल्म गिऱ्हाइकाच्या हातात दिली की कच्चं चित्रीकरण पुसून टाकतात. निदान वर्षभर तरी ते ठेवा. वर्षभरानं कुणी तरी येतंच, की त्या पंगतीत आमचे आबा बसले होते, तेवढं मिळेल का?

वॉरंटीचंही एक सांगतो. तीन वर्षं किंवा पाच वर्षं लिहिलेली असतात ती ड्राइव्हची. बिघडला तर कंपनी नवा ड्राइव्ह देते, आतलं लग्न देत नाही. आणि एसएसडीवरची पुसलेली माहिती परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा अवघड, बऱ्याचदा अशक्य असतं, कारण पुसलेले कप्पे तो स्वतःच रिकामे करून ठेवतो.

त्या तरुणाचं पुढं काय झालं? पैसे परत देऊन तो मोकळा झाला असता, पण तो नवरीच्या घरी गेला. वऱ्हाडातल्या पाहुण्यांचे फोन नंबर मागून घेतले आणि घरोघर हिंडून मोबाइलवरचे व्हिडिओ गोळा केले. सतरा तुकडे मिळाले. कुणाचा आडवा, कुणाचा उभा, एकात अक्षता पडताना पुढच्या माणसाचा फेटाच जास्त दिसतो. त्यातून अकरा मिनिटांचं लग्न तयार झालं. नवरीच्या आजी त्यात दोनदा दिसतात, एकदा पाठमोऱ्या. पावसाळ्यात त्या गेल्या.

आता तो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय आणि दोन्हीकडच्या फायली उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसत नाही. त्यासाठी त्यानं जादा दोन कार्डं घेतली, नवा वेगवान ड्राइव्ह घेतला नाही. एसएसडी त्याच्याजवळ असतो, जुन्नरला. हार्ड डिस्क असते घोडेगावला, मामांच्या घरी, गव्हाच्या कोठीशेजारच्या फडताळात. दर महिन्याला तो जातो, नवं त्यात भरतो, आणि मामी जेवल्याशिवाय सोडत नाहीत म्हणून परत यायला रात्र होते.